बुबुळ झकास, तरी डोळा काचेचा का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा: फोटोशॉपमध्ये कोऱ्या कॅनव्हासवर माणसाचा डोळा काढला, बुबुळातल्या तंतूंवर तीन रात्री घालवल्या, पांढरा भाग स्वच्छ ठेवला आणि मधोमध एक चमकता ठिपका दिला. झूम करून पाहिलं तर बुबुळ सुंदर आहे, पण अख्खं चित्र पाहिलं की खेळण्यातल्या बाहुलीला बसवलेला काचेचा डोळा वाटतो. काय राहिलं, आणि कोणत्या क्रमाने केलं तर तो खरा दिसेल?

जे राहिलंय ते बुबुळात नाहीच. मी बरीच वर्षं फोटो रिटचिंग आणि डिजिटल पेंटिंग करतोय. शिकणाऱ्यांनी काढलेले डोळे पाहताना पुन्हा पुन्हा हेच दिसतं: सगळी मेहनत बुबुळावर, आणि डोळा खोटा पडतो तो पापणीची सावली, ओलावा आणि पांढरा भाग या तीन ठिकाणी. कारण डोक्यात चित्र असतं पांढऱ्या बदामावर ठेवलेल्या रंगीत चकतीचं. खरा डोळा हा ओला गोळा आहे, समोर एक फुगीर भिंग लावलेला, आणि कातडीच्या दोन जाड घड्यांमध्ये अर्धा दडलेला. तुमचं बुबुळ ठेवा बाजूला, ते वाया जाणार नाही. बाकीचं परत बांधू.

आधी मराठीतला एक घोळ मिटवतो. आपण पापणी झाकणालाही म्हणतो आणि केसांनाही. इथे पापणी म्हणजे झाकण, आणि केस म्हणजे केस. बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं काळं छिद्र.

डॉक्युमेंट ५००० बाय ४००० पिक्सेलचं घ्या आणि एक हिशोब मनाशी पक्का करा: १ मिलिमीटर म्हणजे १०० पिक्सेल. या एका सवयीने निम्मी डोकेदुखी वाचते. प्रौढ माणसाच्या डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे २४०० पिक्सेल. बुबुळ जेमतेम १२ मिलिमीटर, म्हणजे १२०० पिक्सेल. दोन कोपऱ्यांमधलं अंतर ३० मिलिमीटरच्या आसपास आणि उघड्या पापण्यांमधली फट मध्यावर १० मिलिमीटरच्या आसपास. आता गंमत पाहा. बुबुळ १२ चं आणि फट १० ची, म्हणजे शांत नजरेच्या डोळ्यात बुबुळ पूर्ण गोल दिसूच शकत नाही. वरची पापणी त्याचा वरचा १ ते २ मिलिमीटर भाग झाकते आणि खालची पापणी खालच्या कडेला टेकलेली असते. कष्टाने काढलेलं बुबुळ झाकायला जीव होत नाही, म्हणून लोक पापण्या दूर सरकवतात. मग बुबुळाच्या चहूबाजूंनी पांढरं दिसायला लागतं आणि माणूस भेदरलेला वाटतो.

फटीचा आकारही सरळसोट बदाम नाही. बाहेरचा कोपरा नाकाकडच्या कोपऱ्यापेक्षा किंचित वर असतो, बहुतेकांत २ मिलिमीटरच्या आत-बाहेर. वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू मध्याच्या थोडा नाकाकडे आणि खालच्या पापणीचा सर्वांत खोल बिंदू थोडा कानाकडे. हे दोन बिंदू जोडले तर रेषा तिरकी पडते. तुमच्या चित्रात ती उभी पडली, तर बदाम झालाच म्हणून समजा. फटीचा हा आकार पेन टूलने पाथ म्हणून काढून सेव्ह करा, कारण सावलीला, मास्कला, ओल्या कडेला, सगळ्यालाच तो पुन्हा लागणार आहे.

संदर्भाला स्वतःच्याच डोळ्याचा फोटो काढा. खिडकीच्या शेजारी, उजेड एका बाजूने येईल असं बसा, फ्लॅश बंद. दुसऱ्याच्या फोटोवरून काम केलं की उजेड कुठून होता हे ओळखण्यातच वेळ जातो. स्वतःच्या फोटोत तो प्रश्न येत नाही, शिवाय आरशात बघून खात्री करता येते. या उत्तरापुरतं आपण उजेड वरून डावीकडून येतोय असं धरू.

पहिलं काम करड्या रंगात. फटीच्या आत २४०० पिक्सेलच्या वर्तुळाचा गोळा शेड करा: उजेडाकडे हलका, कडांकडे गडद. फट ३००० ची आणि गोळा २४०० चा, तेव्हा थोडी जागा उरेल. ती मुख्यतः नाकाकडच्या गुलाबी मांसल कोपऱ्याची आहे, तिथे पांढरं भरू नका. आत्ता बुबुळाच्या जागी फक्त एक सपाट गडद वर्तुळ ठेवा. वर पापण्यांचे ढोबळ पट्टे आणि त्यांच्या सावल्या टाका. हे कच्चं चित्र १० टक्के झूमवर डोळा वाटायला हवं. इथेच वाटत नसेल तर पुढे कितीही तंतू ओढले तरी वाटणार नाही. रंग चढल्यावर हीच तपासणी करायची असेल, तर सगळ्यात वर करड्या रंगाने भरलेला एक लेअर ठेवून त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेअरमध्ये मिसळण्याची पद्धत, कलर करा. रंग निघून फक्त उजेड-अंधार उरतो. काम झालं की तो लेअर बंद.

आता पांढरं. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, यावर विश्वास बसत नसेल तर तुमच्या फोटोत आयड्रॉपर लावून पाहा. जिथे तो सर्वांत उजळ आहे, तिथेही आकडे (लाल, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५) २०५, १९५, १९० असे काहीतरी निघतील, आणि कोपऱ्यांकडे त्याहून बरेच खाली. २५५ शुद्ध पांढरा या चित्रात फक्त प्रतिबिंबांच्या गाभ्यात येऊ द्यायचा. पांढऱ्यालाच तो देऊन टाकला तर चमक दाखवायला वर जागाच उरत नाही. तुमचा ठिपका चमकत नाही त्याचं कारण हेच.

रंगाच्या छटाही सगळीकडे सारख्या ठेवू नका. कोपऱ्यांकडे गुलाबी, मधे किंचित पिवळसर करडा, बुबुळाला लागून थोडी निळसर झाक. लहान मुलांत हे आवरण पातळ असल्यामुळे निळसरपणा जास्त दिसतो, म्हाताऱ्या डोळ्यांत पिवळेपणा. वय दाखवायचं असेल तर सुरकुत्यांच्या आधी इथे हात घाला. रक्तवाहिन्या कोपऱ्यांकडून निघून बुबुळाकडे येता येता बारीक होत विरतात. त्या दोन लेअरवर काढा: खालच्या लेअरवर जाडसर, ब्लर केलेल्या, वरच्या लेअरवर मोजक्या, बारीक आणि स्पष्ट. ओपॅसिटी १५ ते ३० टक्के. हात नैसर्गिकपणे विजेसारखी टोकदार वळणं काढतो. ती टाळा, वाहिनी नागमोडी आणि आळशी असते. आणि मोह आवरा, दिसतील न दिसतील इतक्याच.

यानंतर पापणीची सावली. एकच गोष्ट सुधारायची असेल तर ही सुधारा. वरची पापणी जवळजवळ २ मिलिमीटर जाडीची आहे, तिच्यावर केसांचं छप्पर आहे, आणि उजेड बहुतेक वेळा वरून येतो. मग गोळ्याच्या वरच्या भागावर सावली पडणारच. मी ती दोन लेअरवर करतो, दोन्ही मल्टिप्लायवर, म्हणजे खालचं गडद करणाऱ्या ब्लेंड मोडवर. पहिला अरुंद: पापणीच्या कडेला चिकटून ३०-४० पिक्सेलचा गडद पट्टा, थोडासाच ब्लर. दुसरा रुंद: २००-२५० पिक्सेल खाली उतरणारा, फिका, भरपूर गॉशियन ब्लर दिलेला. रंग काळा नको. काळ्याने पांढऱ्यावर काजळी बसल्यासारखी दिसते. ७०, ४०, ३५ च्या आसपासचा लालसर तपकिरी घ्या, कारण कातडीतून गाळून आलेला उजेड त्या सावलीत मिसळलेला असतो.

या सावलीत एक बारकावा आहे. ती पांढऱ्यावरून बुबुळावर जाताना सलग रेषेत जात नाही. पांढरा भाग हा गोळ्याचा पृष्ठभाग, पण बुबुळ त्याच्या आत, भिंगाच्या मागे बसलेलं. त्यामुळे बुबुळाच्या कडेपाशी सावलीला छोटी पायरी पडते आणि आत ती थोडी खाली उतरलेली दिसते. माझ्याकडे दोन्ही भागांसाठी वेगळे मास्क असतात, बुबुळावरची सावली मी २०-३० पिक्सेल खाली ओढतो. पाहणाऱ्याला हे कधीच सांगता येत नाही, पण बुबुळ पांढऱ्यावर चिकटवलेलं स्टिकर वाटायचं थांबतं.

आता बुबुळ. इंटरनेटवरची जुनी पद्धत म्हणजे नॉइज टाकायचा, वर रेडियल ब्लर झूमवर लावायचा, की झाले तंतू. पाच मिनिटांत होतं आणि पाच मिनिटांचंच दिसतं: सगळे तंतू सरळ, एकाच जाडीचे, सायकलच्या आऱ्यांसारखे. मी फायबर्स (उभे धागे तयार करणारा फिल्टर) आणि पोलर कोऑर्डिनेट्स (चौकोनी चित्र वर्तुळात गुंडाळणारा फिल्टर) यांचा मार्ग वापरतो, पण त्यावर हाताने बरंच काम करून.

वेगळं २४०० बाय २४०० चं डॉक्युमेंट घ्या, नंतर ते अर्ध्यावर आणू. पोलर कोऑर्डिनेट्समध्ये रेक्टँग्युलर टू पोलर निवडलं की चित्राची वरची कड वर्तुळाच्या केंद्रात जाते, खालची कड परिघावर, आणि उभ्या रेषा केंद्रातून निघणाऱ्या रेषा होतात. म्हणजे हा चौकोन उलगडलेलं बुबुळच आहे, वरून खाली ६ मिलिमीटर त्रिज्येचं, १ मिलिमीटरला ४०० पिक्सेल. बाहुली साडेतीन मिलिमीटरची धरली तर वरचे ७०० पिक्सेल बाहुलीचे. तिच्या कडेपासून साधारण दीड मिलिमीटरवर, म्हणजे १३०० पिक्सेलच्या आसपास, बुबुळात एक नागमोडी, दातेरी सीमा असते. तिला कोलॅरेट म्हणतात. बुबुळाचे खरे दोन प्रदेश या सीमेने होतात आणि दोन्हींची वीण वेगळी असते. आतल्या पट्ट्यात बारीक, सरळ, दाट तंतू. बाहेरच्या पट्ट्यात सैल, वळणदार, मधे मधे फाटलेले.

म्हणून फायबर्स फिल्टर दोन वेगळ्या लेअरवर चालवा. आतल्यासाठी व्हेरियन्स कमी, म्हणजे धागे लांब आणि सलग येतात. बाहेरच्यासाठी व्हेरियन्स १५-२०, स्ट्रेंग्थ १० च्या पुढे. रँडमाइझ दाबत बसा, चांगला नमुना नशिबानेच मिळतो. मग बाहेरच्या लेअरला लिक्विफाय (चित्र ढकलून वाकवणारा फिल्टर) लावून मोठ्या ब्रशने धागे थोडे डावी-उजवीकडे ढकला. दोन लेअरमधला मास्क दातेरी काढा, सरळ रेषेत नको. कोलॅरेटवर धाग्यांच्या टोकांना थोडी उजळ, जाडसर गाठ द्या.

पोलर करण्याआधी सांधा मिटवायला विसरू नका. चौकोनाची डावी आणि उजवी कड वर्तुळात एकमेकींना भेटतात आणि केंद्रापासून सरळ वर, घड्याळातल्या १२ च्या दिशेला, एक कापल्यासारखी रेषा उमटते. ऑफसेट फिल्टरने चित्र आडवं १२०० पिक्सेल सरकवा, रॅप अराउंड चालू ठेवा. सांधा मध्यावर येईल, तो हीलिंग ब्रशने पुसा. कंटाळा आला तर एक पळवाट आहे: ती रेषा नेमकी वर येते, आणि वरचा भाग पापणीखाली जाणार आहे. घाईच्या कामात मीही ती वापरली आहे.

गोल झाल्यावर चित्र १२०० वर आणा आणि फिल्टर विसरून जा. इथून पुढे ब्रश. बाहेरच्या पट्ट्यात काही खोलगट भाग काढा, भाल्याच्या पात्यासारखे दोन्ही टोकांना निमुळते, आतून गडद, कडेला उजळ तंतूची झालर. आठ-दहा पुरेत, लहानमोठे, एका बाजूला जास्त. परिघाजवळ दोन-तीन अर्धवट कंस काढा. बाहुली लहानमोठी होताना बुबुळाला ज्या घड्या पडतात, त्या या. पूर्ण वर्तुळं काढलीत तर लाकडाच्या ओंडक्याचा छेद दिसेल. बाहुलीच्या कडेला अगदी बारीक गडद तपकिरी काठ असतो, तोही द्या. एकूण नियम असा की सलग दोन गोष्टी सारख्या दिसल्या तर त्यातली एक मोडा.

रंग शेवटी, ग्रेडियंट मॅपने (गडद-उजळ छटांना रंग नेमून देणारं साधन) किंवा कलर मोडच्या लेअरने. तपकिरी डोळा करणार असाल तर तो पुरेसा गडद ठेवायची हिंमत करा. पाया ५८, ३४, २० सारखा, कोलॅरेटच्या आसपास १२०, ७४, ३८ पर्यंत. तीन रात्रींचे तंतू दिसावेत म्हणून लोक तो उजळवतात आणि मध भरलेला डोळा तयार होतो. गडद तपकिरी डोळ्यात तंतू फक्त उजेडाच्या बाजूला दिसतात, बाकी ठिकाणी त्यांचा भासच असतो. निळ्या डोळ्याची गोष्ट वेगळी. त्यात निळं रंगद्रव्य नसतंच. मेलॅनिन कमी असल्यामुळे आत शिरलेल्या उजेडातला निळा भाग विखरून परत येतो, आकाश निळं दिसतं साधारण तशाच कारणाने. म्हणून तो रंग परिस्थितीप्रमाणे बदलतो, मंद उजेडात करडा पडतो. सॅच्युरेशन वाढवण्याआधी हे आठवा. कोणताही रंग घेतलात तरी बुबुळाची बाहेरची कड म्हणजे रेघ नव्हे. मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्यात गडद बुबुळ पांढऱ्यात विरघळतं. कड ३०-४० पिक्सेलने ब्लर करा, आणि एका बाजूला जास्त.

बाहुली पटकन उरकू. शुद्ध काळी नको, १२, ९, ८ चालेल. कड ३-५ पिक्सेल मऊ. केंद्र भौमितिक मध्यापासून किंचित नाकाकडे सरकवा. आकार उजेडाशी जुळवा: भर उजेडात २ ते ४ मिलिमीटर, अंधारात ४ ते ८. खिडकीचं लखलखीत प्रतिबिंब आणि शेजारी ७ मिलिमीटरची बाहुली, हे एकत्र आलं की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं.

यापुढे जे आहे त्याने डोळा जिवंत होतो. बुबुळासमोरचं कॉर्निया म्हणजे फुगीर भिंग. वरून डावीकडून आलेला उजेड त्यातून आत जाताना वळतो आणि बुबुळाच्या समोरच्या बाजूला, म्हणजे खाली उजवीकडे, गोळा होतो. चमकता ठिपका घड्याळातल्या १० वर असेल तर बुबुळ ४ वर पेटलेलं दिसतं. कित्येक जण उलटं करतात, ठिपक्याच्याच बाजूला बुबुळ उजळवतात, आणि मग ते चपट्या चकतीसारखं दिसतं. नवा लेअर, कलर डॉज किंवा लिनिअर डॉज (दोन्ही खालचं उजळवणारे ब्लेंड मोड), बुबुळाच्याच रंगाची उबदार छटा, मोठा मऊ ब्रश, ४ च्या दिशेला चंद्रकोर. बाहुलीच्या आत जाऊ देऊ नका. ओपॅसिटी ३०-४० वर आणा, मग थोडी अजून कमी करा.

आता प्रतिबिंब. पांढरा गोल ठिपका, तोही बाहुलीच्या मधोमध, हे कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचं लक्षण आहे. खिडकी असेल तर चार तावदानांचा चौकोन दिसतो, भिंगाच्या फुगवट्याने कडा बाहेर वाकलेल्या. कॉर्नियाची वक्रता जवळपास ८ मिलिमीटर त्रिज्येची, इतक्या फुगीर आरशात समोरची अख्खी खोली मावते. खिडकीशिवाय अंधुक भिंत, खाली उजळ फरशी किंवा कागद, समोरच्या माणसाची गडद आकृती, हे सगळं स्क्रीन मोडवर १०-१५ टक्क्यांनी बाहुलीवर आणि बुबुळावर पसरलं की ओलेपणा येतो. बाहुली शुद्ध काळी का नसते, तेही इथे उमगेल. प्रतिबिंबाच्या वरच्या कडेत केसांचे गडद दाते घुसलेले असतात. दोन-चार दाते काढा, फार मोठा फरक पडतो.

लेअरचा क्रम इथे बिघडतो. खालून वर असा ठेवा: पांढरं, बुबुळ, बाहुली, चंद्रकोर, पापणीची सावली, त्यावर प्रतिबिंब, त्यावर पापण्यांच्या कडा आणि कातडी, सगळ्यात वर केस. प्रतिबिंब ओल्या पृष्ठभागावर आहे, सावली त्याला मारत नाही. ते सावलीखाली गेलं की चमक मळकट होते.

खालच्या पापणीला जाडी द्या. ही २ मिलिमीटरची ओलसर गुलाबी कड जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या चित्रात गायब असते आणि डोळा कातडीत कात्रीने कापलेल्या भोकात बसवल्यासारखा दिसतो. २०० पिक्सेलचा पट्टा, कोनाप्रमाणे थोडा कमी, गोळ्यापेक्षा उबदार, कातडीपेक्षा ओला. जिथे ही कड गोळ्याला टेकते तिथे अश्रूंची बारीक पन्हळ असते, उंची ०.२ ते ०.३ मिलिमीटर. म्हणजे आपल्या हिशोबात २०-३० पिक्सेल. तीत उजेडाची रेघ काढायची, पण सलग नाही: इथे ठसठशीत, तिथे तुटक, बुबुळाच्या खाली बुबुळाच्या रंगाची झाक घेतलेली. या रेघेखाली एक केसभर गडद रेष. नाकाकडच्या मांसल कोपऱ्यावर दोन-तीन टोकदार ओले ठिपके, काम संपलं. तिथे फार रमू नका, ठळक केलात तर डोळा आलेला दिसतो.

केसांसाठी गवताचा ब्रश वापरू नका. फोटोशॉपसोबत येणाऱ्या गवताच्या पात्यांच्या ब्रशने पापण्यांचे केस काढलेली चित्रं मी लांबून ओळखतो. वरच्या पापणीला साधारण १०० ते १५० केस असतात, ८ ते १२ मिलिमीटर लांब. खालच्या पापणीला ७५-८०, आखूड. ते एका ओळीत उगवत नाहीत, वरच्या पापणीवर तर पाच-सहा ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. उगवतात पापणीच्या बाहेरच्या कडेवरून. ओल्या कडेवरून काढलेत तर ते डोळ्यात रुतल्यासारखे वाटतात, पाहणाऱ्याचेच डोळे चुरचुरतात.

एक केस जवळून पाहा. मुळाशी आपल्या मापात साधारण १० पिक्सेल जाड. वरच्या पापणीतून निघून तो आधी थोडा खाली आणि पुढे येतो, मग वळून वर जातो. टोक इतकं निमुळतं की कुठे संपलं ते कळू नये. टॅबलेट असेल तर पेन प्रेशर आकाराला जोडा आणि खांद्यातून एका झटक्यात ओढा, मुळाकडून टोकाकडे. नसला तर पेन टूलने पाथ काढून स्ट्रोक पाथमध्ये सिम्युलेट प्रेशर चालू करा. पण तेव्हा जाडी दोन्ही टोकांना कमी होते, तेव्हा मूळ नंतर जाड करावं लागतं. मधले केस थेट आपल्याकडे येतात, म्हणून आखूड दिसतात. बाहेरच्या कोपऱ्याकडचे लांब आणि बाहेर झुकलेले. टोकं तीन-तीन, चार-चार अशी एकमेकांना चिकटून त्रिकोण करतात, मधे फटी राहतात. पाच-सहा केस शिस्त मोडून आडवे जाऊ द्या. सगळे केस झाले की लेअर कॉपी करून मल्टिप्लायवर खाली सरकवा, ब्लर द्या आणि गोळ्याच्या वळणाप्रमाणे वार्प करा. ही त्यांची सावली, पांढऱ्यावर पुसटशी.

कातडी हा स्वतंत्र विषय आहे, इथे एवढंच. वरच्या पापणीची घडी कडेला समांतर नसते, नाकाकडे जवळ येते. उजेड आणि सावलीच्या सीमेवर कातडी जास्त लालसर दिसते, तिथे करडा भरला की मेण दिसतं. बाकी टेक्स्चर फोटोतून घेतलंत तरी मला काही आक्षेप नाही.

शेवटी सगळं बांधायचं. हाताने काढलेले, ब्लर केलेले आणि फोटोतून आलेले भाग शेजारी असतात आणि प्रत्येकाचा कण वेगळा असतो. सर्वांत वर ५० टक्के करड्याचा लेअर, ओव्हरलेवर, त्यात १-२ टक्के मोनोक्रोमॅटिक नॉइज. त्याआधी जवळच्या केसांची टोकं थोडी ब्लर करा, बाहेरचा कोपराही. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत एकाच अंतरावर फोकस असतो. तो बुबुळावर ठेवा. कॅनव्हास आडवा फ्लिप करून पाहा, डोळ्याचा तिरपेपणा लगेच उघडा पडतो.

पुढे चेहरा करणार असाल तर दुसरा डोळा कॉपी करून फ्लिप करू नका. एका कामात मी वेळ वाचवायला तेच केलं होतं. दोन दिवस मला काही दिसलं नाही. ज्यांनी काम दिलं होतं त्यांनी पहिल्या नजरेत विचारलं, हा माणूस दोन खोल्यांत एकदम बसलाय का? एका डोळ्यात खिडकी डावीकडे होती, दुसऱ्यात उजवीकडे. यंत्राने तयार केलेले चेहरे ओळखायला आता हीच खूण तपासतात, दोन्ही डोळ्यांतली प्रतिबिंबं जुळतात का ते. फ्लिप करायचाच तर फक्त पापण्यांचा पाथ करा, आणि तोही जरा बिघडवा. बुबुळ फिरवून लावा म्हणजे खोलगट भाग वेगळीकडे जातील. प्रतिबिंब, चंद्रकोर आणि सावली मात्र दुसऱ्या डोळ्यात नव्याने, त्याच उजेडाकडे बघून काढा.